एकच वायपर

मराठी शिकवणाऱ्याच्या दारात दोन गाड्या उभ्या असाव्यात, ही गोष्ट वेतनश्रेणीशी विसंगतच. पैकी जीप वडिलोपार्जित. विलीजच्या परवान्यावर महिंद्रांनी मुंबईत जोडलेली. दुसरी आम्ही हौसेने जुनी घेतलेली मर्सिडीज. १९९५ साली पिंपरीत तयार होऊ लागलेल्या ई-क्लासपैकी.

दोहोंतला भेद आम्हांस पावसात उमगला. जर्मन गाडीला वायपर एकच, पण तो फिरताफिरता लांबतो, आखडतो आणि काचेचे वरचे कोपरेही पुसून येतो. एवढ्याशा कोपऱ्यासाठी केवढी यंत्रणा! अमेरिकन बुद्धी निराळी. काच नकोशी झाली की ती पुढे बॉनेटवर आडवी पाडायची आणि मोकळे व्हायचे. जीप गावातला कोणताही मिस्त्री उघडतो. मर्सिडीजला जाणकार शोधावा लागतो. (पगाराची तारीख पाहून.)

गुडघ्यांमुळे वडिलांना आता जीपमध्ये चढवत नाही. मर्सिडीजच्या मागच्या आसनावर ते वरंधा घाट लागण्यापूर्वीच झोपी जातात. जीपमध्ये मात्र ते वळणावळणाला आम्हांस गिअर सांगत असत.

जीपला गिऱ्हाईक आले आहे. आम्ही त्याला दिवाळीनंतर यायला सांगितले. वडिलांना अद्याप काही बोललेलो नाही.