टीव्हीवरचे नाना

गेल्या काही महिन्यांत तीन निवृत्त साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला: लॅपटॉप टीव्हीला जोडला की चित्र नीट बसत नाही, काय करायचं? एकाची खालची पट्टी गायब होते, दुसऱ्याच्या पडद्यावर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात, तिसऱ्याला अक्षरं धुरकट दिसतात. तिघांनाही कोणी ना कोणी नवा टीव्ही घ्यायला सांगितलं होतं. साहेब, टीव्ही बदलू नका. बहुतेक वेळा दोष टीव्हीत नसतो, लॅपटॉपमध्येही नसतो. दोघांचं आपसात बोलणं झालेलं नसतं, एवढंच. चेन्नईत आमच्या घरी हे तिन्ही प्रकार एकाच टीव्हीवर पाहायला मिळाले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं क्वार्टर सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आहे. इथले लोक या टेकडीला परंगीमलै म्हणतात. माझे वडील, आप्पा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा त्रास राहिला. मोबाइलवरचं अक्षर त्यांना लागत नाही. पेन्शन स्लिप मात्र स्वतःच वाचायची, दुसऱ्यानं वाचून दाखवलेली चालत नाही. 'स्पर्श'वर लॉग-इन मी करून द्यायचं, आकडे त्यांनी बघायचे, असा करार आहे. दुसरी गरज नानांची. नाना म्हणजे आप्पांचे कंपनीतले जोडीदार. दोघांनी एका बंकरमध्ये दोन हिवाळे काढलेले. नाना आता सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी असतात. दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल ठरलेला.

मी दोन महिन्यांच्या ड्यूटीवर बाहेर होतो, तेव्हा मुलानं आजोबांसाठी लॅपटॉप टीव्हीला जोडायचं ठरवलं. त्यानं एका दुकानातल्या पोराला बोलावलं. त्या पोरानं जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल लावली, रिझोल्यूशन १०२४ × ७६८ केलं आणि "तात्तांना अक्षरं मोठी दिसतील" असं सांगून तो गेला. अक्षरं खरंच मोठी दिसली. आप्पा खूश. मी परत आलो तेव्हा त्यांनी पहिली बातमी दिली, "नाना चांगला भरलाय रे अंगानं. सून नीट बघते वाटतं."

आता हे गणित बघा. १०२४ × ७६८ चं चित्र म्हणजे चारास तीन या प्रमाणाचं. जुन्या डबा टीव्हीचा आकार तोच. आजचा टीव्ही सोळास नऊ. चारास तीनचं चित्र त्यावर पूर्ण पसरवलं की उंची तेवढीच राहते आणि रुंदी एक तृतीयांशानं वाढते. वाटोळी ताटली लंबगोल होते. माणूसही तसाच फुगतो.

शिवाय टीव्हीच्या पॅनलवर ठिपके मोजून बसवलेले असतात. फुल एचडी टीव्हीत १९२० आडवे आणि १०८० उभे, म्हणजे वीस लाखांवर. ते कमी होत नाहीत, वाढत नाहीत. तुम्ही १०२४ × ७६८ पाठवलं म्हणजे आठ लाखांपेक्षा कमी ठिपके दिले. बाकीचे टीव्ही अंदाजानं भरतो. धुरकटपणा येतो तो तिथून. एनडीएत मॅप रीडिंग शिकलेल्या कोणालाही हे पटकन कळेल. १:५०,००० चा नकाशा झेरॉक्स मशीनवर दुप्पट केला तर तो १:२५,००० चा होत नाही. रेषा जाड होतात, पण जो नाला मूळ नकाशात नव्हता तो उगवत नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर आमच्या टेकडीबद्दल सांगतो. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन यांनी याच माउंटजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजायला घेतली. भारताची त्रिकोणमितीय मोजणी त्या रेषेवर उभी राहिली आणि पुढे हिमालयापर्यंत गेली. टेकडीवर त्यांचा अर्धपुतळा आहे. आपल्याला जवळची गोष्ट अशी की हा माणूस मोजणी करत करतच १८२३ च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. साखळी उन्हात किती लांबते याचाही हिशेब ठेवायचा त्याचा दंडक होता. पहिली रेषा चुकली तर पुढचे सगळे त्रिकोण चुकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या टीव्हीची पहिली रेषाच चुकलेली होती.

ती का चुकली? लॅपटॉप आणि टीव्ही जोडले की दोघांत संत्री आणि येणाऱ्या माणसासारखा सवाल-जवाब होतो. लॅपटॉप विचारतो, "थम! कौन आता है?" टीव्ही आपलं ओळखपत्र दाखवतो: मी अमुक कंपनीचा, माझी लांबी-रुंदी एवढी, मला ही ही रिझोल्यूशन चालतात आणि त्यातलं हे सगळ्यात आवडतं. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. हा जवाब केबलमधल्या दोन बारीक तारांवरून येतो. स्वस्त किंवा जुन्या व्हीजीए केबलमध्ये कधी या तारा नसतात, कधी तुटलेल्या असतात. मग संत्र्याला जवाब मिळत नाही आणि लॅपटॉप कोणालाही पचेल असं साधं जेवण वाढतो: १०२४ × ७६८, कधी त्याहूनही कमी. आमच्या घरी यादीत त्याच्या वरचा पर्यायच दिसत नव्हता.

रविवारी सकाळी मी माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटला गेलो. इलेक्ट्रॉनिक्सचा कोणताही तुकडा इथे मिळतो. एचडीएमआय केबल घेतली. बरोबर ऑफिसातला तांबरमचा हवालदार क्लार्क होता. त्याच्या घरी २००६ च्या द्रमुक सरकारच्या योजनेतला फुकट मिळालेला चौदा इंची रंगीत टीव्ही होता आणि पुढे २०११ नंतर जयललिता सरकारच्या योजनेत भावाला कॉलेजात मिळालेला लॅपटॉप. तमिळनाडूत अशी लाखो घरं होती. दोन सरकारांच्या या दोन भेटी त्यानं एकदा कन्व्हर्टर घेऊन एकमेकांना जोडल्या. सिनेमा छान दिसला, पण अक्षरं मुंग्यांसारखी! कारण त्या टीव्हीत चित्राच्या ओळीच ५७६. त्यात ७६८ ओळी कोंबल्या की अक्षराचे हातपाय तुटणारच. "सर, सिनेमासाठी ठीक, अर्ज भरायला नाही," हा त्याचा निष्कर्ष. मला तो पुस्तकात छापण्यासारखा वाटला.

घरी येऊन केबल लावली. जवाब आला. लॅपटॉपच्या यादीत १९२० × १०८० दिसलं आणि त्यापुढे 'रेकमेंडेड' असा शब्दही. ते निवडलं. चेहरे सरळ झाले, पण अक्षरं बारीक. इथेच बहुतेक लोक परत रिझोल्यूशन खाली आणतात. तसं करू नका. त्याच पानावर 'स्केल' म्हणून वेगळा पर्याय असतो. तो १०० वरून १७५ टक्के केला. आता अक्षर मोठं, आणि टीव्हीचा प्रत्येक ठिपका कामावर असल्यानं कडा धारदार. आप्पांनी पेन्शन स्लिप उघडायला लावली आणि महागाई सवलतीची ओळ खुर्चीतूनच खणखणीत आवाजात वाचली.

राहिली खालची पट्टी. ती अर्धीअधिक गायब होती. याचं मूळ जुन्या काचेच्या टीव्हीत आहे. त्यांच्या चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दामच थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट टीव्हीला याची गरज नाही, तरी सवय राहिली. चारही बाजूंनी तीन टक्के कापले तर १०८० पैकी खालच्या ३२ ओळी जातात, आणि विंडोजची खालची पट्टी मुळात थोड्याच ओळींची. सिनेमात हे कळत नाही. ब्रीफिंगला नकाशा लावला की लगेच कळतं, कारण सगळ्यात आधी जातात ते समासातले ग्रिडचे आकडे. उपाय रिमोटमध्ये आहे. पिक्चर साइझमध्ये जा आणि कंपनीप्रमाणे 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' किंवा 'डॉट बाय डॉट' यातलं जे असेल ते निवडा.

त्या संध्याकाळी नानांचा कॉल आला. आप्पा नेहमीप्रमाणे "बोल, वाघा" म्हणाले आणि थांबले. पडद्यावर नाना हसत होते. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. आप्पांनी कॉलवर काही विचारलं नाही. पाऊसपाणी, ऊस, नातवाची भरती यावर बोलले. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "हा आज बारीक झालेला नाही. कधीपासून असा आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगायला जड गेलं. दोन महिने टीव्ही नानांना एक तृतीयांश रुंद करून दाखवत होता. घरच्यांना रोज बघून फरक जाणवत नव्हता. आप्पांना लांबून जाणवला असता, तर तो पडद्यानं भरून काढला.

आप्पांनी लगेच साधा फोन लावला. नाना म्हणाले, उपास चालू आहेत. आप्पांचा आवाज परेडवरचा झाला. "नाना, दोस्त म्हणून नाही, सुभेदार म्हणून विचारतोय. वजन किती उतरलं?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आकडा आला: अकरा किलो. रात्री चार-पाचदा उठावं लागतं, तहान भागत नाही, हेही निघालं. मंगळवारी मुलगा त्यांना ईसीएचएस पॉलीक्लिनिकला घेऊन गेला. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर निघाली. आता इन्सुलिन चालू आहे, आणि बुधवारी कॉलच्या सुरुवातीलाच नाना साखरेच्या मशीनचा पडदा कॅमेऱ्यासमोर धरतात. आप्पा आकडा वाचतात आणि वहीत लिहितात.

टीव्हीनं रोग ओळखला असं मी म्हणणार नाही. आज ना उद्या कोणाच्या तरी लक्षात आलंच असतं. पण नाना ज्या एका माणसाचा हुकूम ऐकतात, त्याला खरं चित्र दिसणं गरजेचं होतं.

तेव्हा साहेब, क्रम लक्षात ठेवा. चांगली एचडीएमआय केबल. मग रिमोटवरून ओव्हरस्कॅन बंद. मग लॅपटॉपवर 'रेकमेंडेड' रिझोल्यूशन. अक्षर वाढवायचं ते फक्त 'स्केल'नं. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवलं तर लॅपटॉपचं रिझोल्यूशन टीव्हीवर लादलं जाऊ शकतं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करा. फोर-के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत चालला तर केबल किंवा लॅपटॉपचं सॉकेट जुनं आहे, सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं जातायत असं समजा. आणि शेवटी एखाद्या वाटोळ्या ताटलीचा समोरून काढलेला फोटो टीव्हीवर लावा. फूटपट्टीनं आधी आडवं मोजा, मग उभं. दोन्ही आकडे सारखे आले की मगच घरच्यांना फोन लावा.