जुनी जीप

चकलांब्याच्या आमच्या गोठ्यात एक महिंद्र जीप उभी आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. ती मुदत आता पुन्हा आली आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मिस्त्री म्हणतो. त्याचा अंदाज गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या किमतीहून मोठा आहे. व्यवहारी मनुष्यास एवढे पुरे!

परंतु भाद्रपदात काळ्या रानाच्या वाटेवर बैलगाडीची चाकेही तुंब्यापर्यंत रुततात. तेथे दुसरा दांडा ओढताच पुढच्या चाकांसही जोर येतो आणि जीप निमूटपणे निघते. अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेली ही जात पुढे मुंबईत जुळविली जाऊ लागली. खेड्यात ती टिकली ती याच गुणावर. धाकट्या भावाची पत्नी भर पावसात गेवराईस बाळंतपणासाठी गेली, तीही हिच्यातूनच. गिऱ्हाईक मात्र तिचे सुटे भाग करून विकणार.

शहरात राहून ‘विकून टाक’ म्हणणे मला सोपे आहे. चिखल भावाच्या वाट्याचा. निम्मा खर्च मी देतो, असे त्यास कळविले आहे. रंग मात्र लावायचा नाही.