किनाऱ्यावर चपला सांभाळणाऱ्यांसाठी

वाचकहो, सुट्टीच्या दिवशी कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसते. मुले-नातवंडे लाटांत खेळत असतात आणि थोडे मागे, कोरड्या वाळूत, घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती सर्वांच्या चपला, चष्मे आणि टॉवेल सांभाळत बसलेली असते. आपल्यापैकी अनेकांनी हे काम केले असेल. ‘आता या वयात पाण्यात कशाला?’ हा प्रश्न कधी मुले विचारतात, कधी आपणच स्वतःला विचारतो, आणि उत्तर न शोधताच तो विषय संपतो. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आईवडिलांना घेऊन मी मॉरिशसला गेले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर खरोखर शोधावे लागले. ते मिळालेही, परंतु त्याबरोबरच माझी एक चूक मला कळली. दोन्ही आपल्यापुढे ठेवते.

आमच्या घरात समुद्र वडिलांचा आणि किनारा आईचा, अशी जणू वाटणीच होती. वडील वेंगुर्ल्याचे, पोहणे त्यांना कोणी शिकवले, हे त्यांनाही आठवत नाही. आई साताऱ्याची. पन्नास वर्षांच्या संसारात ती गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. आज वडील ७९ वर्षांचे आहेत, आई ७२ वर्षांची. चार वर्षांपूर्वी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हापासून त्यांच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी झाली आहे, आणि शरीरात पाणी साठू नये म्हणून त्यांना रोज सकाळी लघवीची गोळी घ्यावी लागते.

मॉरिशसची निवड आम्ही विचारपूर्वक केली. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत तेथे पोहोचता येते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा केवळ दीड तास मागे असल्याने औषधांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचे कडे आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ व संथ राहते. त्यातही पश्चिम किनारा आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या आडोशाला आहे. आणि हा देश मराठी माणसाला अगदी परका नाही. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय तेथे नेले गेले, त्यांत कोकणातली माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे तेथे आजही शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

निघण्यापूर्वी आम्ही दोघांनाही त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. पाण्यात वडील उतरतील आणि आई होडीत बसेल, असे आम्ही सारे गृहीत धरून होतो. डॉक्टरांनी नेमके उलटे सांगितले. माणूस पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे सरकते. निरोगी हृदय हा वाढीव भार सहज पेलते. दुबळ्या हृदयाला तो जड जातो. त्यात स्नॉर्केलच्या नळीतून श्वास ओढण्याचे श्रम मिळवले, तर फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका असतो. "होडीत बसा, समुद्र पाहा, पण नळी तोंडात धरून पाण्यात उतरायचे नाही," असे त्यांनी वडिलांना स्पष्ट बजावले. आईचा रक्तदाब आटोक्यात होता, जिने चढताना तिला दम लागत नव्हता, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली होती. ती उतरू शकत होती.

परतताना वडील रिक्षात एक शब्दही बोलले नाहीत. आईच एकदा म्हणाली, "मला कुठे जायचंय पाण्यात? मी आपली यांच्याजवळ बसेन." तिला खरोखर नको होते, की वडिलांना वाईट वाटू नये म्हणून ती तसे म्हणत होती, हे मला समजले नाही. मी फक्त एवढेच ठरवले की तिचा निर्णय तिने तिथे, पाण्याजवळ घ्यावा. येथे रिक्षात नव्हे.

मॉरिशसला पहिले दोन दिवस हॉटेलच्या तलावात तिची तयारी चालली. छातीभर पाण्यात उभे राहायचे, मुखवटा लावायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि वर घ्यायचा. नळी मात्र तिला जमेना. तिची वरची कवळी थोडी सैल आहे. नळीचे रबरी टोक दातांत धरले की कवळी हले. कवळी सैल असल्यास ती काढून डबीत ठेवणेच योग्य, आणि कवळीशिवाय टोक नीट धरता येत नाही. मग शिक्षकाने सोपा उपाय सांगितला: नळी नकोच. लाइफ जॅकेट घालून तरंगत्या रिंगला धरायचे, श्वास घेऊन चेहरा पाण्यात घालायचा, पाहायचे, आणि डोके वर काढून पुन्हा श्वास घ्यायचा.

होडी आम्ही घरच्यांपुरती ठरवली. थोडे अधिक पैसे पडले, पण आपल्या गतीने जाता येते. मी बरीच चौकशी केली. लाइफ जॅकेट सर्वांच्या मापाचे आहे का? चढायला धक्का आहे, की पाण्यातून चालत जाऊन शिडी चढावी लागते? सावली आहे का? वेगवान होडीचा पुढचा भाग लाटेवर आपटतो आणि ठिसूळ झालेल्या मणक्याला तो दणका महागात पडू शकतो, म्हणून दोघांना मागच्या बाकावर बसवण्याचेही मी कबूल करून घेतले. बोट लागू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते. म्हणून तीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घेतली. एवढे सारे विचारले आणि एक गोष्ट विचारायची राहिली. ती कोणती, ते पुढे सांगते.

डॉल्फिन पाहायचे तर पहाटे निघावे लागते. सकाळी सातच्या सुमारास आम्ही तामारिनच्या उपसागरात होतो. या किनाऱ्यावर दोन जातींचे डॉल्फिन येतात. एक मोठे, बाटलीसारख्या तोंडाचे. दुसरे सडपातळ, जे उडी मारताना स्वतःभोवती गिरक्या घेतात. हे गिरक्या घेणारे डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, सुरक्षित पाण्यात विश्रांतीला येतात. त्यांची झोपही विलक्षण असते. मेंदूचा अर्धा भाग झोपतो, अर्धा जागा राहतो, आणि कळप एकमेकांना बिलगून हळूहळू पोहत राहतो. म्हणजे आपण त्यांना पाहायला जातो ती त्यांची निजण्याची वेळ असते.

हे ठाऊक असूनही काही होड्या त्यांच्या वाटेत आडव्या घातल्या जात होत्या आणि प्रवासी त्यांच्या पुढ्यात पाण्यात उड्या घेत होते. मॉरिशसमध्ये होड्यांनी अंतर राखण्याचे नियम आहेत. ते सर्वच पाळतात असे नाही. आमचा तांडेल वयस्क आणि सबुरीचा होता. त्याने होडी बाजूला नेऊन इंजिन बंद केले. दहा-बारा मिनिटे काहीच घडले नाही. मग होडीपासून थोड्या अंतरावर आधी एक पाठ, मग चार, मग कितीतरी पाठी पाण्यावर आल्या. त्यांच्या श्वासाचा ‘फुस्स’ असा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. एका मोठ्या डॉल्फिनच्या कुशीला तिचे पिल्लू चिकटून पोहत होते. वडील कठड्याला धरून उभे राहू लागले, तेव्हा आईने त्यांचा हात धरून त्यांना बसवले. "वेंगुर्ल्याला हे मच्छीमारांच्या होडीमागून यायचे," ते म्हणाले. डॉक्टरांकडून परतल्यापासून समुद्राविषयी ते प्रथमच काही बोलत होते.

तेथून होडी दक्षिणेकडे निघाली. समोर ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा उभा कातळ दिसू लागला. गुलामगिरीच्या काळात पळालेले गुलाम त्याच्या आश्रयाला जात, म्हणून २००८ पासून तो जागतिक वारशात आहे. प्रवाळाजवळच्या शांत पाण्यात नांगर टाकला. तेथे तळाशी दगडासारखा दिसणारा विषारी मासा आणि काळ्या काट्यांचे समुद्री साळू असतात, म्हणून पायांत रबरी बूट हवेतच. आई उतरण्यापूर्वी सर्वांच्या पायांत बूट चढवावेत म्हणून मी वडिलांसमोर बसले. काल सहज गेलेला बूट आज जाईना. घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"बाबा, गोळी घेतली होती ना?"

ते समुद्राकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "दोन दिवस नाही घेतली. काल गाडीचा प्रवास होता, आज ही होडी. सोय कुठे आहे इथे? कुणाला सांगायचं हे?"

वाचकहो, माझी चूक हीच. लहान होड्यांत शौचालय नसते, आणि मी ते विचारलेच नव्हते. त्यांनी मात्र आदल्या दिवशी धक्क्यावरून जाताना होडी पाहून ठेवली होती. आपल्या घरातील ज्येष्ठ माणसे या एका संकोचापायी पाणी पिणे सोडतात, औषध चुकवतात, आणि आपल्याला कळतही नाही. कळते ते पाय सुजल्यावर किंवा रात्री श्वास लागल्यावर.

मी तेथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारले, "छातीत दुखते का? श्वास लागतो का? बोलताना दम लागतो का?" यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी सांगितले की चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजची गोळी लगेच घ्यायची, बेटावर जेवायला न थांबता सरळ परतायचे आणि रोज वजन करायचे. तांडेलाने दुसऱ्या बाजूला एक पडदा बांधून दिला आणि एक रिकामी बादली कोणतेही भाष्य न करता तेथे ठेवली. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी दोन दिवस गेले होते.

आईने लाइफ जॅकेटचे बंद सोडायला घेतले. "चला, जाऊ परत. माझं काय, पुन्हा केव्हातरी."

वडिलांनी तिचा हात धरला. "पुन्हा केव्हा? पन्नास वर्षं तू माझ्या चपला राखल्यास. आज मी तुझ्या राखतो. जा तू."

मी काही बोलले नाही. आईने क्षणभर पाण्याकडे पाहिले, बंद पुन्हा घट्ट केले, आणि पाठ पाण्याकडे करून शिडीच्या एकेका पायरीने उतरली. कवळी डबीत, डबी वडिलांच्या खिशात. एका बाजूला तांडेलाचा मदतनीस, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये ती रिंगला धरून. पहिल्यांदा तिने चेहरा लगेच वर घेतला. दुसऱ्यांदा थोडा वेळ ठेवला. तिसऱ्यांदा तिने माझे मनगट घट्ट दाबले. खाली हिरवट-निळे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. पाण्यात त्यांच्या कुरतडण्याचा आवाज ऐकू येतो; कोणी चणे खावेत तसा. चेहरा वर घेऊन ती होडीकडे ओरडली, "अहो, हे मासे चावताना ऐकू येतात!" वडील मागच्या बाकावर, मांडीवर तिच्या चपला घेऊन बसले होते. जेमतेम बारा मिनिटे ती पाण्यात होती. मग आम्ही परतलो.

चार दिवसांत सूज उतरली. पण घडले याच्या उलटही असते, हे मी विसरत नाही. म्हणून आपण, किंवा आपण ज्यांची काळजी घेता ते, अशा सफरीला निघणार असाल, तर काही गोष्टी मनाशी पक्क्या करा.

जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना नेमके विचारा: होडी चालेल का, आणि पाण्यात उतरणे चालेल का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, तेही विचारा. वेळ बदलणे डॉक्टर ठरवू शकतात, गोळी चुकवणे कोणीही ठरवू नये. होडी ठरवताना शौचालयाचा प्रश्न सर्वांत आधी विचारा, आणि तो घरातील तरुण माणसाने विचारावा, म्हणजे ज्येष्ठांना तोंड उघडावे लागणार नाही. मधुमेह असल्यास न्याहारी करूनच निघा आणि साखर किंवा गोळ्या-बिस्किटे हाताशी ठेवा. पाण्यात दम लागला, खोकला आला किंवा अस्वस्थ वाटले, तर ‘घाबरल्यामुळे होत असेल’ असे समजू नका. लगेच बाहेर या. आणि डॉल्फिनचा पाठलाग न करणारा तांडेल निवडा. त्याची सबुरी आपल्याही उपयोगी पडते.

उरतो तो पहिला प्रश्न: या वयात पाण्यात कशाला? त्याचे उत्तर वयावरून मिळत नाही, सवयीवरूनही नाही. आमच्या घरी पोहणारा होडीत राहिला आणि किनाऱ्यावर बसणारी पाण्यात गेली. आपल्या घरी कदाचित वेगळे ठरेल. तपासणी करावी, खरे बोलावे, आणि मग ज्याचे त्याला ठरवू द्यावे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेलात, तर चपला राखणाऱ्याला एकदा विचारून पाहा. आणि तो चपला राखणारा आपणच असाल, तर त्या थोडा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.