मीटर डाऊन!

"मराठी विभागासाठी तू लिहीच," अशी गळ पडली तेव्हा मी आधी हात जोडले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. घरी मराठी बोलतो, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! रूममेट म्हणाली, "विषय शोधत कशाला बसतेस? तुझ्या कपाटात आहे की." म्हणून हा लेख माझ्या कपाटावर. चुका पोटात घालाव्यात.

बाकीच्यांच्या कपाटात वरच्या खणात चिवडा आणि लाडवांचे डबे असतात. माझ्या खणात गाड्या आहेत. मोजून एकोणचाळीस, शिवाय चार विमानं. सगळी जुन्या मोज्यांत गुंडाळलेली. पहिल्या वर्षी अख्खा मजला बघायला आला होता. "अय्या, मुलगी असून गाड्या?" आणि "अगं, ही तर खेळणी!" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याचं उत्तर पाठ आहे : "खेळणी नाहीत, स्केल मॉडेल्स."

फरक काय? फरक पैशाचा, हे खरंच. पण पैसे नेमके कशाचे, ते सांगते.

सगळ्यात खालची पायरी हॉट व्हील्सची. शंभर-दीडशे रुपये. म्हणायला स्केल १:६४, पण ते फार मनावर घ्यायचं नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या, म्हणून ट्रक आणि छोटी कार जवळजवळ सारख्याच लांबीच्या! त्याच्या वर मायस्तो, बुरागो. १:२४ हजार-दोन हजारांत आणि १:१८ आणखी दोन-तीन हजारांनी वर. इथे दारं उघडतात, बॉनेट उघडतं, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. ऑटोआर्टसारख्यांची किंमत पंधरा-वीस हजारांत जाते. तिथे आत गालिचा असतो, इंजिनात वायरी दिसतात. जर्मनीच्या सीएमसीच्या काही मॉडेल्समध्ये तर हजाराहून जास्त सुटे भाग असतात, हाताने जोडलेले. आणि अगदी वर ॲमलगमची १:८ ची मॉडेल्स, काही लाखांना एक. माझी मजल दुसऱ्या पायरीपर्यंत. तीही वाढदिवसाचे पैसे आणि बंद केलेलं कॅन्टीन यांच्या जिवावर. वरच्या पायऱ्यांचे मी फोटो जमवते.

विमानांचंही तेच. एअर इंडियाचं पहिलं जंबो, 'सम्राट अशोक', १९७१ मध्ये आलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यासारखा झरोका रंगवलेला होता. स्वस्त मॉडेलमध्ये नुसती एक लाल पट्टी दिसते, महागात एकेक कमान मोजून घ्या! म्हणजे किंमत वाढते ती आकाराची नाही. बनवणाऱ्याने काय सोडून दिलं नाही, त्याची किंमत असते.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर सर म्हणतील हे कॉलेजच्या अंकात कशाला? ९०० किलोची गाडी १:१८ केली, तर लांबी अठरापट कमी होते, पण वजन अठराच्या घनाने, म्हणजे ५८३२ पट. उत्तर येतं १५४ ग्रॅम. मग हातातली गाडी त्याच्या कितीतरी पट जड का लागते? कारण पत्रा त्या प्रमाणात पातळ करता येत नाही. पाऊण मिलिमीटरचा पत्रा १:१८ मध्ये ०.०४ मिलिमीटर होईल, बोट लावलं की चेपेल! म्हणून जस्ताच्या मिश्रधातूचं जाड ओतकाम करतात. त्या जस्तात शिशाची भेसळ राहिली, तर काही वर्षांनी गाडी आतूनच तडकायला लागते. दमट हवेत तर लवकर. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? मोजे त्यासाठीच!

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगते. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझे आजोबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी, पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. सकाळचं पहिलं भाडं म्हणजे मी. पैसे न देणारं! आजोबा मला शाळेत सोडायचे. वर्गातल्या मुली एसी गाड्यांतून उतरायच्या. एकदा एकीने विचारलं, "तुम्ही रोज टॅक्सीने येता? स्वतःची गाडी नाही?" मी म्हटलं, "नाही." 'हीच आमची गाडी' असं म्हणाले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आजोबांना कोपऱ्यावरच थांबवायला सांगितलं. "शाळेपुढे फार ट्रॅफिक असतं," असं कारण दिलं. ते काही बोलले नाहीत. रोज कोपऱ्यावर थांबायचे आणि मी फाटकातून आत जाईपर्यंत गाडी हलवायचे नाहीत.

पहिली हॉट व्हील्स मी त्याच वर्षी घेतली. लाल फेरारी, कंपासपेटीत लपवून न्यायचे. पुढे वाचलं, की मॅचबॉक्स गाड्यांचा जन्मही असाच झाला. जॅक ओडेल या इंग्लिश माणसाच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्याने तिच्यासाठी छोटासा रोड रोलर बनवला. वाचून हसू आलं, आणि मग नाही आलं. तिच्या बाबांनी बनवलेलं ती अभिमानाने नेत असणार. मी मात्र आजोबांची गाडी लपवायला दुसऱ्याची गाडी नेत होते.

२०१८ मध्ये वीस वर्षं भरली म्हणून आमची टॅक्सी मोडीत गेली. आजोबा माणगावला गावच्या घरी आले ते कायमचे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पेपरातलं कात्रण आजोबांनी पाकिटात घडी करून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यात रविवारी एसटीने माणगावला गेले, तेव्हा माझी सगळ्यात महाग १:१८ त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावला, बॉनेट उघडलं, डिकी उघडली, खालून बघितलं. म्हणाले, "झ्याक आहे गो बाय. पण ही कुणाची?"

मला उत्तरच सुचेना. एकोणचाळीस गाड्या, आणि ज्या एका गाडीत मी खरंच बसले होते ती त्यांत नाही!

मग घरातलंच एक जुनं खेळणं आठवलं. आजोबांनीच कधीतरी आणलेली प्लास्टिकची टॅक्सी, चाळीसेक रुपयांची. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. बरोबर आणखी एक वस्तू निघाली, टॅक्सीचा जुना लोखंडी मीटर. इलेक्ट्रॉनिक मीटर बसवला तेव्हा काढलेला. आजोबांनी खेळणं हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "हिला मीटर कुठाय?"

खरंच नव्हता. चाळीस रुपयांत तो कोण देणार?

मी मापं घेतली. खरी गाडी सुमारे ३.९ मीटर, खेळणं १२.३ सेंटीमीटर. स्केल आलं साधारण १:३२. मीटर २१ सेंटीमीटर उंच, म्हणजे खेळण्यावर साडेसहा मिलिमीटर. एम-सील, टाचणी, ब्लेड, आणि झेंड्याला चंदेरी नेलपॉलिश. दोन मीटर बिघडले, तिसरा जमला. आजोबा शेजारी बसून सांगत होते. मीटर बाहेर, डाव्या अंगाला. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. आणि मागच्या सीटचं रेक्झिन डावीकडे उसवलेलं. "तू पाय आपटायचीस ना तिथं."

जाता जाता एक गणित. जंबो जेटची लांबी ७०.६ मीटर. १:१८ केलं, तर ते आमच्या टॅक्सीएवढंच लांब होईल! आजोबांना सांगितलं. सहारला रात्रभर नंबर लावून त्यांनी त्याच जंबोंचे पॅसेंजर आणलेले. खूप वेळ हसत होते.

मीटर चिकटवायची वेळ आली. मी विचारलं, "आजोबा, झेंडा वर ठेवू की खाली?" वर म्हणजे टॅक्सी रिकामी.

"खाली," ते म्हणाले. "सवारी बसलेय ना."

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या थांब्याचं सगळं बोलून टाकणार होते. पण तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ट्रॅफिक फार असायचं हां तुझ्या शाळेपुढं." आणि गोंदाचं बोट पुसायला उठले.

टॅक्सी आता हॉस्टेलच्या कपाटात सगळ्यांत पुढे असते, मोज्याशिवाय. बघायला या. "ही कुणाची?" असं विचारलंत तर उत्तर तयार आहे. आमची.