यवतमाळचा साग

विदर्भ म्हटला की आम्हां पुण्यामुंबईकरांना ऊन आठवते आणि यवतमाळ म्हटले की कापूस. परंतु यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघाले की कपाशीच्या जोडीला आणखी एक सोबती भेटतो. तो म्हणजे साग! सरळसोट बांधा, सुपाएवढाली पाने. कोवळे पान तळहातावर चोळा. हात कुंकवात बुडवल्यासारखा लाल होतो. टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ पाहायला जाणारी मंडळी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आम्हीही गेल्या हिवाळ्यात निघालो होतो वाघासाठीच. वाटेत एका खेड्यात सौ.च्या दूरच्या मामांकडे मुक्काम पडला आणि वाघ राहिला बाजूला. सारे गाव त्यांना आबाजी म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. ती रीतसर काढून आबाजींनी धुऱ्यावरचा साग तोडला होता आणि आरा मशीनवरून कापून आणलेले लाकूड अंगणात पडले होते.

"एवढे ऊन आहे, पसरून टाका की!" मी शहाणपणा केला.

"उन्हात घालाले हे काय पापड हायेत जी? उन्हानं वरचं वाळते, आतलं ओलंच राहते, मंग फाटते."

मग चळत रचणे सुरू झाले. उत्तरेकडच्या सावलीत दगडांवर दीड फूट उंच, सपाट बैठक. तिच्यावर फळ्यांचा एक थर, दोन फळ्यांत बोटभर फट. थरावर दर दोन फुटांवर इंचभर जाडीची आडवी पट्टी आणि मग पुढचा थर. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी डोक्यावर हवी. जरा सरकली की फळी वाकलीच. टोकांकडून पाणी लवकर उडते व तडे जातात, म्हणून टोकांना डांबर. माथ्यावर जुने पत्रे आणि पत्र्यांवर धोंडे.

ब्रह्मदेशात तर साग उभ्यानेच वाळवीत. बुंध्याशी साल व कोवळे लाकूड गोल कापून झाड दोन-तीन वर्षे तसेच ठेवीत. कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके न्यायचे असत नदीतून.

"इंचाला एक वर्ष," आबाजी म्हणाले. फळ्या इंचाच्या, पण दाराच्या चौकटीचे लाकूड तीन इंचांचे! मुलाचा चेहरा पडला. वैशाखात मुलीचे लग्न. व्याही येण्याआधी नवी चौकट बसावी, ही त्याची इच्छा. सुतारही तयार होता.

आबाजींनी त्याला मागल्या दाराशी नेले. ते दार ओल्या लाकडाचे. पावसाळ्यात फुगून अडते, उन्हाळ्यात फटीतून बोट जाते. "पाव्हणे जुन्या चौकटीतून येतीन. काय बिघडते?"

"आणि तीन वर्षांनी?" मुलगा हळूच म्हणाला. आपले वडील तेव्हा कुठे असतील, हे त्याला विचारायचे नव्हते आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हते.

आबाजींनी उत्तर दिले नाही. धाकट्या नातवाला हाक मारून त्यांनी एक फळी कापसाच्या काट्यावर चढवली. भरली ११ किलो. गेरूने तो आकडा आणि तारीख फळीवर लिहून ते नातवाला म्हणाले, "दर महिन्याले मोजजो. वजन उतरत जाईन. उतरायचं थांबलं, का फळी वाळली समज. चौकटीच्या लाकडाचंही असंच. तवाच सुताराले बोलावजो. त्याआधी कोणाचं आयकू नको."

नातवाने मान हलवली आणि गेरूचा खडा खिशात ठेवला.