कागदाची गोधडी

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर माणसाची अशी समजूत होते, की जगात कागद दोनच प्रकारचे : एक, ज्यावर सही व्हायची आहे, आणि दुसरा, ज्यावर सही झाली पण शिक्का राहिला. तिसऱ्या प्रकारचा कागद गोधडीत घालायचा असतो, हे ज्ञान मला गेल्या दिवाळीनंतर आमच्या सौभाग्यवतीकडून झालं.

तिनं वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी तुकड्यांच्या रजया होत्या. विलायतेतल्या बायका अशी कागदावरची जोडाजोड निदान तीनशे वर्षं करताहेत. फिलाडेल्फियाच्या एका मासिकानं १८३५ साली हा षट्कोनी नमुना छापला, आणि १९३० च्या मंदीत अमेरिकेतल्या घराघरांतून चिंध्यांची फुलं उमलली. मंदीत बँका बुडाल्या, रजया टिकल्या. यावर मी, धंदा लक्षात घेता, काही बोलत नाही.

कृती वाचायला सोपी आहे. जाड कागदाचे इंच-इंच बाजूचे षट्कोन कापायचे. कापड त्याहून सगळीकडून पाव इंच जास्त घेऊन, कडा आत दुमडून, कच्च्या टाक्यांनी कागदाला टाचायचं. असे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर धरायचे आणि कडेकडेनं बारीक टाके घालायचे. सुई कापडातून जावी, कागदाला लागू नये. मध्ये एक आणि भोवती सहा, की झालं फूल. पुढच्या फेरीत बारा, त्यापुढे अठरा. आणि एखाद्या तुकड्याला सहाही बाजूंनी शेजारी मिळाले, की ज्या कागदाच्या जिवावर तो ताठ उभा राहिला तो कागद हळूच बाहेर ओढायचा. ही पद्धत कुठल्या तरी हेड ऑफिसात निघाली असावी, असा माझा दाट संशय आहे.

मी बी. कॉम. असल्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. एक षट्कोन म्हणजे सुमारे २.६ चौरस इंच. साठ बाय नव्वदची रजई म्हणजे ५४०० चौरस इंच. एकूण षट्कोन दोन हजार ऐंशीच्या घरात, आणि सांधे सहा हजारांच्या आसपास! हिनं आकडा शांतपणे ऐकला.

"अहो, पण कागद कुठून आणायचा?"

बँकेचा कागद घरी आणायचा नाही, हा माझा बाणा आहे. बाण्याची किंमत अशी पडली, की माझ्या साभार परत आलेल्या लेखांवर कात्री चालली. संपादकांना जे तीन पानांत सापडलं नाही, ते षट्कोनातून डोकावू लागलं. एकावर नुसतंच 'हास्याचा' एवढंच आलं होतं. हास्याचा काय, ते दुसऱ्या तुकड्यात गेलं.

आई हे सगळं खुर्चीतून बघत होती. आमच्या आईच्या गोधड्या गावात प्रसिद्ध. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, महिन्याभरात गोधडी तयार. तिच्या गोधडीखाली आमची दोन पिढ्यांची थंडी निघाली आहे. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, हे ती कबूल करत नाही. दोराच हल्ली नीट येत नाही, असं म्हणते.

"कागदाला कसलं शिवायचं गं?" ती म्हणाली. "आणि शिवून परत उसवायचं? त्यापेक्षा शिवूच नये."

"आई, त्यानं कोपरे बरोबर जुळतात."

"गोधडीचे कोपरे बघायला माणूस जागा कुठं असतो?"

या युक्तिवादाला हिच्याकडे उत्तर नव्हतं. पण सुईत दोरा ओवून तिनं ती आईच्या हातात दिली, आणि महिन्याभरात टाचण्याचं खातं आईकडे गेलं. इवलासा तुकडा, तो हातात धरून नुसता चाचपत टाचता येतो. मोठी गोधडी जमिनीवर पसरून वाकणं तिला दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. आम्हाला ते तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

एका रविवारी आईनं ट्रंकेतून अण्णांचा निळ्या रेघांचा बुशशर्ट काढला. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, हा शर्ट तिनं कुठल्याच गोधडीत घातला नव्हता. बरोबर १९८७ सालची खर्चाची वही होती.

"शर्ट ह्यांचा आहे, तर कागद पण ह्यांचाच असू दे," ती म्हणाली.

वहीचं पान चांगलं जाड होतं. एका फुलाला सात तुकडे लागतात. हिनं ते कापले आणि मी सवयीनं तपासायला घेतले. अण्णांचं अक्षर म्हणजे छापील टाईप. दूध. रॉकेल. बाळूचे बूट. शेवटच्या तुकड्यावर दोनदा अधोरेखित केलेलं : 'फरक रु. ४.५०. शोधणे.'

माझ्या अंगावर काटा आला. साडेचार रुपयांच्या पैशांना नवानं पूर्ण भाग जातो, आणि असा भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ६.१० चे १.६० लिहिले की नेमका साडेचारचा फरक येतो. मी सातही तुकडे टेबलावर जुळवून बसलो.

"हेही असेच बसले होते," आई म्हणाली. "रात्री दीडपर्यंत. कंदील घेऊन."

"मग सापडला?"

"कसा सापडेल? वहीत नव्हताच तो." ती टाचतच होती. "शेजारच्या वहिनींबरोबर मी मॅटिनीला गेले होते. ह्यांच्या खिशातनं घेतले. सांगणार होते रे. पण ते इतके मन लावून शोधत होते, की मग सांगायची लाज वाटायला लागली. नंतर राहूनच गेलं."

कोणीच बोललं नाही. मग हिनंच हळूच सांगितलं, की फूल पूर्ण झालं, पुढची फेरी लागली, की हे कागद काढावे लागतील.

"राहू देत आत," आई म्हणाली.

"पण रजई धुवायची कशी?"

पुस्तकात १७१८ साली शिवलेल्या एका रेशमी चादरीचा फोटो आहे. तिच्यातले कागद अजून आतच आहेत, आणि असे आत राहिलेले कागद अभ्यासक मोठ्या आवडीनं वाचतात, असंही लिहिलं आहे. मी ते पान उघडून हिच्यापुढे ठेवलं. हिनं फोटो बघितला, आईकडे बघितलं आणि धुण्याचा विषय सोडला.

मी खिशातलं पेन काढून 'शोधणे'पुढे बरोबरची खूण केली आणि तो तुकडा आईच्या हातात दिला.

"अहो," ही म्हणाली, "शाई कापडाला लागेल."