जुडीतला श्वास

मेथीची जुडी उकलली की पिवळं पान बहुधा बुडाशी सापडतं. शेंड्याचा कोवळा पाला हिरवागार असतो. खालचं, वयानं थोरलं पान आधी उतरतं. उतरताना ते आपलं हरितद्रव्य मोडतं, प्रथिनं विरघळवतं आणि त्यातलं नत्र वरच्या कोंबाकडे धाडतं. रोप उपटल्यावरही हे देणं लगेच थांबत नाही. पान म्हातारं होतं ते असं देत देत. म्हणूनच भाजी निवडताना ते पिवळं पान बाजूला टाकायचं तर माझा हात क्षणभर अडतो.

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कयाधूकाठच्या विहिरीवर जपलेली मेथी, शेपू, पालक, चुका अशा दिवसांत बाजाराला निघतात, तेव्हा वाटेतला प्रत्येक तास पानाला जड जातो. दाबून भरलेल्या भाजीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत दमट ऊब लागते. त्या उबेत बाहेरचं ऊन असतंच, पण पानांचा स्वतःचा श्वासही असतो. उपटलेलं पान जिवंत असतं. साठवलेली साखर जाळून ते तग धरतं आणि त्या जळण्यातून उष्णता सुटते. तापमान दहा अंशांनी चढलं की श्वासाचा वेग दुपटी-तिपटीनं वाढतो. पोतं तापतं म्हणून पानं जोरानं श्वास घेतात, आणि श्वास वाढला म्हणून पोतं आणखी तापतं. जुड्या सैल बांधाव्यात, सावलीत उभ्या ठेवाव्यात, वर ओलं गोणपाट टाकावं, ही जाणत्या बायांची रीत त्या पानाचा जीव राखणारी आहे.

मेथी मुळासकट उपटतात, त्यातही पानाचं भलं आहे. मूळ ओलं असेतो थोडं पाणी वर चढत राहतं. शिवाय पानाला तरुण ठेवणारं सायटोकायनिन हे संप्रेरक मुख्यतः मुळांच्या टोकांशी तयार होतं. 1957 मध्ये रिचमंड आणि लँग या शास्त्रज्ञांनी, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका तणाची खुडलेली पानं कायनेटिनच्या द्रावणात ठेवली. कायनेटिन हे त्याच कुळातलं द्रव्य. ती पानं जास्त दिवस हिरवी राहिली. याच्या उलट काम इथिलीन वायूचं. पिकत्या केळ्यांतून तो सुटतो आणि पानांना लवकर पिवळं करतो. म्हणून केळीचा घड आणि कोथिंबिरीची जुडी एका टोपलीत ठेवू नये.

विजेशिवाय गारवा देण्याची सोय दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं कधीच करून ठेवली आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपायचं. रांजणातलं पाणी गार होतं तसाच हा हौद गार होतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. भर उन्हाळ्यात आत दहा ते पंधरा अंशांचा फरक पडतो, हवा नव्वद टक्क्यांपर्यंत दमट राहते. पानाचा श्वास संथ होतो, पाणी पानातच राहतं.

दुपार कलली की बाजारातली जुडी माना टाकते आणि भाव मातीमोल होतो. गिऱ्हाईक सांगेल त्या पैशाला माल द्यावा लागतो, कारण उद्यापर्यंत तो टिकणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. पहाटेपासून वाफ्यात वाकलेल्या बाईचे कष्ट त्या एका घटकेत स्वस्त होतात. पानाला एक रात्र जास्त मिळाली, तर तिला ‘या भावात नाही परवडत’ एवढं म्हणता येतं. ग्रामपंचायती बाजारतळावर ओटे बांधतात. त्या ओट्यांशेजारी विटा-वाळूचा हा हौदही बांधला पाहिजे, आणि त्यावर दोन वेळा पाणी शिंपणाऱ्या माणसाचा रोजही ग्रामपंचायतीनंच द्यायला हवा.